दप्तर

'दप्तर' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. फारसीतून आला, कारभारात मुरला आणि शेवटी पहिलीतल्या पोराच्या पाठीवर जाऊन बसला. म्हणजे पुण्यात पेशवे दप्तर आहे, तिथे हजारो रुमालांत शतकांचे कागद बांधून ठेवलेत. आणि सिरोंच्याजवळच्या एखाद्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीकडेही दप्तर आहे, त्यात दोन वह्या, एक पाटी आणि सरकारी पुस्तकं. शब्द एकच. पण या दुसऱ्या दप्तरातल्या मुलीची गोष्ट पहिल्या दप्तरात कधी जाऊन पडते का? आजचा विषय हा.

आधी थोडा भूगोल, कारण पुण्या-मुंबईतल्या आपल्यासारख्यांना सिरोंचा हे नाव फक्त निवडणुकीच्या किंवा पुराच्या बातमीत भेटतं. महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि पूर्वेच्या टोकाला बोट अगदी खाली न्या. प्राणहिता येऊन गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा. तिथून पुढे त्याच तालुक्यात सोमनूरला इंद्रावती गोदावरीत येते. नदीपलीकडे एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी, जंगलातल्या गावांत माडिया आणि गोंडी. १८६० ते १८७४ या काळात सिरोंचा हे चक्क एका जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. त्या जिल्ह्याचं नाव अप्पर गोदावरी. इंग्रज अधिकारी ग्लासफर्ड याच्या नावाचं ग्लासफर्डपेठा हे गाव आजही या तालुक्यात आहे. पुढे जिल्हा मोडला, सिरोंचा चांद्यात गेलं आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाल्यावर त्यात आलं.

आता या भागात मुलांना घरापासून दूर ठेवून शिकवण्याचा इतिहास शोधायला बसलं की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. जितकं जुनं आणि परकं, तितकं सहज सापडतं. जितकं अलीकडचं आणि आपलं, तितकं कठीण.

उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं ठाणं आलं आणि त्यांनी मुलींची बोर्डिंग शाळा चालवली. ही मंडळी दरवर्षी मायदेशी अहवाल पाठवायची. पैसे तिथून यायचे, त्यामुळे हिशेब द्यावा लागे. :) ते अहवाल छापले गेले, जपले गेले. त्या चर्चचं मध्यवर्ती पुराभिलेखागार आज न्यू जर्सीत, ड्रू विद्यापीठाच्या आवारात आहे. तापमान सांभाळलेल्या खोल्या, सूची, पगारी आर्किव्हिस्ट, सगळं काही.

दुसरं उदाहरण प्राणहितेच्या पलीकडचं. तेव्हाचा निजामी आदिलाबाद जिल्हा. १९४० मध्ये कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि निजाम सरकारला गोंडांचं दुखणं काय आहे हे समजून घेण्याची निकड वाटली. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ तिथे मारलवाई गावात येऊन राहिला. १९४३ मध्ये त्या गावात गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र सुरू झालं. यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, शिक्षक स्वतः गोंड. दोन, पहिली पुस्तकं गोंडी भाषेत, आणि लिपी आपली देवनागरी! म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी, सिरोंच्यापासून एका नदीच्या अंतरावर, गोंड मूल स्वतःच्या भाषेत 'वाचायला' शिकत होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद आंध्रात गेलं, शाळेची भाषा तेलुगू झाली आणि हा प्रयोग मागे पडला. हायमेनडॉर्फचे फोटो, टिपणं आणि चित्रफिती लंडनच्या सोआस संस्थेत आहेत. त्यांचा बराचसा भाग घरबसल्या पाहता येतो.

या दुसऱ्या गोष्टीत एक मराठी माणूस आहे, आणि त्याच्यासाठी थोडं थांबायलाच हवं.

सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, निलंग्याचा. आपल्याला ते माहीत असतात ते शिवकालाचे इतिहासकार म्हणून, मोगल दरबारातले फारसी कागद मराठीत आणणारे म्हणून, किंवा उर्दू कवींची ओळख करून देणारे म्हणून. १९९२ मध्ये पद्मभूषण, १९९४ मध्ये निधन. पण त्याआधी हा माणूस हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत होता आणि आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्याने सरकारी अधिकारी म्हणून काम केलं. तिथे ते गोंडी शिकले. नुसतं 'कसं काय, बरं आहे ना' इतपत नव्हे. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलं आणि १९५४ मध्ये गोंडी भाषेचं व्याकरण प्रसिद्ध केलं. पुढे मुंबई राज्यात आले आणि महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटिअर विभागाचे संपादक-सचिव झाले.

म्हणजे पाहा, फारसी दप्तर वाचणारा, गोंडी बोलणारा आणि जिल्ह्याजिल्ह्याचा इतिहास नोंदवणाऱ्या विभागाचा प्रमुख, हे तिन्ही एकाच माणसात जमून आलं होतं. आदिवासी शाळांचा इतिहास जपायला याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. पण त्याला तसं काम कुणी सांगितलं नाही, कारण असं काही काम असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. शिवाजीमहाराजांचे कागद जपायचे असतात हे आपल्याला कळतं. (कळायलाच हवं.) पण पोरांच्या शाळेचे कागद? ते तर हेडमास्तरांच्या कपाटात असतात की!

तर आता त्या कपाटाकडे वळू.

आपल्याकडची आश्रमशाळा ही सुरुवातीला गांधीवादी कार्यकर्त्यांची कल्पना. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ काढलं, बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ. स्वातंत्र्यानंतर १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना राज्याचं अनुदान मिळू लागलं आणि १९७२-७३ पासून सरकारने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. आज महाराष्ट्रात सुमारे पाचशे सरकारी आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत. सिरोंचा तालुका त्यात अहेरी प्रकल्प कार्यालयाखाली येतो. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि त्याची शाळा १९७६ मध्ये. तिथल्या माडिया मुलांतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाले, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं.

हा सगळा पन्नासेक वर्षांचा इतिहास कुठे लिहिलेला आहे? मुख्यतः एका मोठ्या, जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. दाखल-खारीज रजिस्टर असंही म्हणतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेचा मास्टर टेबल. अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. एका मुलाला एक ओळ.

कुठलाही डेटाबेस पाहिला की आधी विचारावं, हे कॉलम कुणी ठरवले आणि कुणाच्या सोयीसाठी? या प्रश्नाने रजिस्टर वाचायला घेतलं की ते बोलायला लागतं.

जन्मतारखेचा कॉलम घ्या. महाराष्ट्रात एक जूनला किती लोकांचा वाढदिवस असतो! जन्माची नोंद नाही, शाळा जूनमध्ये सुरू होणार, मग गुरुजींनी वय अंदाजे धरून एक जून टाकली. या मुलाच्या आईला तो कोणत्या पावसाळ्यात झाला, तेव्हा कोणतं पीक उभं होतं, हे चांगलं आठवत असतं. पण रजिस्टरला ऋतू चालत नाही. त्याला तारीख लागते.

मग नावाचा कॉलम. माडिया नाव मराठी कानाने ऐकायचं आणि मराठी वळणाने लिहायचं. एकदा लिहिलं की तेच दाखल्यावर, तेच मार्कशीटवर, तेच आधारवर. घरी त्याला काय म्हणतात याला रजिस्टरमध्ये जागा नाही.

आणि आता या सगळ्यातला सर्वांत बोलका कॉलम. शाळा सोडण्याचं कारण. या कॉलममधले दोन शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला झोपेतही लिहिता येतील. 'सतत गैरहजर'.

काय असतं हो या दोन शब्दांत? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला घरी माणसं कमी पडली असतील. गावात पंडुम होता म्हणून गेला आणि परत आलाच नाही. वर्गात गुरुजी काय म्हणतात ते वर्षभर कळलं नाही म्हणून कंटाळून गेला. रात्री आईची आठवण आली आणि सहा-सात वर्षांचा जीव जंगलातून चालत घरी निघाला. कुणी मारलं असेल. कुणी त्याहून वाईट वागलं असेल. ताप आला असेल आणि घरी नेल्यावर वारला असेल. या सगळ्यांसाठी एकच उत्तर. ड्रॉपडाऊनमध्ये एकच पर्याय ठेवल्यावर दुसरं काय होणार!

हे मी कल्पनेने तिखटमीठ लावून सांगत नाही. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न वारंवार वर आल्यावर २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याचा अभ्यास केला. तेव्हा जी दुखणी पुढे आली त्यात हेही होतं, की बऱ्याच मृत्यूंचं कारण नीट नोंदलेलंच नव्हतं.

इथे मला सातासमुद्रापलीकडे जायचंय, कारण हाच कॉलम तिथेही रिकामा होता.

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालल्या. सरकारचा पैसा, चर्चचा कारभार. दीड लाखाहून जास्त मुलं त्यांतून गेली. घरची भाषा बोललं तर शिक्षा. बऱ्याच शाळांत नावाऐवजी नंबर. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि सत्यशोधनासाठी आयोग बसला. त्याने २०१५ मध्ये अहवाल दिला. आयोगाला तेव्हा सुमारे ३,२०० मृत्यूंच्या नोंदी सापडल्या. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश मुलांचं नावच लिहिलेलं नव्हतं. जवळपास निम्म्यांच्या मृत्यूचं कारण लिहिलेलं नव्हतं.

ताबडतोब सांगतो, आपली आश्रमशाळा म्हणजे कॅनडाची निवासी शाळा नव्हे. मुलांना कायद्याच्या धाकाने आईबापांपासून तोडून आणावं असं इथे धोरण नव्हतं. बऱ्याच आईबापांनी स्वतः पोरं आणून सोडली, कारण गावात शाळा नव्हती आणि आश्रमशाळेत दोन वेळचं जेवण होतं. काढणाऱ्यांपैकी कितीतरी माणसांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्यामुळे 'तिकडे तसं, म्हणजे इकडेही तसंच' हा आळशी युक्तिवाद नको. पण एका बाबतीत दोन्हीकडे सारखंच आहे. मूल घरापासून दूर, भाषा दुसऱ्याची, आणि त्याच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते सगळं संस्थेने लिहिलं. त्याने स्वतः काहीच नाही.

फरक पडला तो पुढे. ऑन्टॅरिओ प्रांतात सू सेंट मेरी गावी शिंगवॉक नावाची निवासी शाळा होती. ती १९७० मध्ये बंद पडली आणि तिची इमारत आता अल्गोमा विद्यापीठाची आहे. १९७९ मध्ये तिथे एक छोटा प्रकल्प सुरू झाला आणि १९८१ मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. लोक आले, सोबत फोटो आणले, आठवणी आणल्या. त्यातून एक पुराभिलेखागार उभं राहिलं. सरकारी आयोग बसायच्या पावशतक आधी, हे लक्षात घ्या.

तिथल्या आर्किव्हिस्टची नोकरी काय असते, हे वाचल्यावर मी चाट पडलो. आपल्या डोळ्यांपुढे आर्किव्हिस्ट म्हणजे तळघरात चष्मा लावून बसलेला, धूळ झटकणारा म्हातारा. इथे तो किंवा ती फोटोंचे अल्बम घेऊन वस्त्यांवर जाते. टेबलावर अल्बम उघडून ठेवते. फोटोखाली छापलेलं असतं 'मुलींचा वर्ग', बस्स. मग एखादी आजी बोट ठेवते, ही माझी बहीण. ही अमक्या गावची. ही परत आली नाही. एकेक नाव भरलं जातं. चाळीसेक वर्षं हे काम चाललंय. संस्थेने एक ओळ लिहिली होती, तिच्याशेजारी आता माणसाने आपली ओळ लिहिली.

आणि या कामाला नैतिक बाजूही आहे, जी आपल्या 'सगळं स्कॅन करा आणि अपलोड करा' पिढीने समजून घ्यावी. कॅनडात अत्याचारांच्या भरपाईसाठी हजारो लोकांनी बंद दाराआड साक्षी दिल्या होत्या. त्या कागदांचं काय करायचं? इतिहासकार म्हणाले, जपा. साक्ष देणारे कित्येक म्हणाले, आम्ही गुप्ततेच्या शब्दावर बोललो. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्याची साक्ष त्याची परवानगी असेल तरच ती जपायची, नाहीतर १५ वर्षांनी नष्ट करायची. मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि ताबा, या चारही गोष्टी त्या समाजाकडे हव्यात असं तिथले मूळनिवासी १९९० च्या दशकापासून सांगताहेत. अॅक्सेस कंट्रोल आपण सर्व्हरवर शिकलो. त्यांनी तो स्वतःच्या जखमांवर शिकला.

परत सिरोंच्याला येऊ. कुणी म्हणेल, आपल्याकडे एवढं कशाला? तर कारण अगदी व्यवहारी आहे. आदिवासी जातपडताळणीत १९५० च्या आधीच्या कागदाला सर्वांत जास्त वजन असतं, आणि तो कागद बहुधा आजोबांच्या शाळेचा दाखला असतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? किंवा गेले, पण शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर? नातवाची मेडिकलची सीट एका पानावर अडते. म्हणजे हे रजिस्टर नुसता इतिहास नाही. चालू सिस्टिमचा भाग आहे, आणि त्याला बॅकअप नाही.

शिवाय जागा कोणती, तेही पाहा. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातली गावंच्या गावं हलवावी लागली. १९८६ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. न्यू जर्सीतल्या कागदाला पुराची भीती नाही. नदीकाठच्या पत्र्याच्या कपाटातल्या कागदाला आहे.

सरकारी नियमांत कागदांची वर्गवारी असते. 'अ' वर्ग कायमचा, 'ड' वर्ग वर्षभरात रद्दी. जनरल रजिस्टर कायम ठेवायचं असतं, ठीक. पण स्वयंपाकघराची धान्यवही, आजारी मुलांची नोंद, पालकांच्या भेटीची वही, मुलांनी घरी लिहिलेली पत्रं, स्नेहसंमेलनाचे फोटो? मुलांचं जगणं खरं त्यात असतं, आणि रद्दीत आधी जातं तेही तेच. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे, त्याचं नागपूरला कार्यालय आहे. पुण्याला १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिचं संग्रहालय आहे. इमारती आहेत, माणसं आहेत. 'आश्रमशाळांचा आर्किव्हिस्ट' ही खुर्ची मात्र नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूने काही हालचाली झाल्यात आणि त्या आशा वाटाव्यात अशा आहेत. आदिलाबादच्या गुंजाळा गावात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. गावातल्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत होती, म्हणून ती लिपी जगली. २०१८ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. त्याआधी २०१७ मध्ये मसराम गोंडी ही दुसरी लिपी आली होती. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली, तरी आठव्या परिशिष्टात तिला जागा नाही. पण आपल्या फोनमध्ये तिच्या अक्षरांना कोड पॉइंट आहेत. राज्यघटनेच्या आधी युनिकोडने जागा दिली, असं हे प्रकरण. आणि गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या नावातच 'गोटूल' आहे. मारलवाईला १९४३ मध्ये जे घडलं होतं ते या गावाने स्वतःच्या बळावर पुन्हा मांडलं. मधल्या पाऊणशे वर्षांचे कागद त्यांच्या हाती असते, तर प्रत्येक गोष्ट नव्याने सिद्ध करायचा त्रास वाचला असता. इतिहास जपण्याचा उपयोग हा असा असतो.

आता साधा हिशेब. १९७६ मध्ये पहिलीत बसलेलं मूल आज पंचावन्न-छप्पन्नच्या आसपास आहे. त्याची आई हयात असेल तर ऐंशीच्या घरात. रजिस्टरमधल्या 'सतत गैरहजर'पुढे खरं काय घडलं होतं, हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत. पुढची दहा-पंधरा वर्षं आहेत, नंतर नसतील. लागणारी सामग्री काही रॉकेट सायन्स नाही. एक बरा कॅमेरा, माडिया किंवा गोंडी बोलणारा, त्याच भागातला, त्याच शाळांत शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, महिन्याचा नियमित पगार, आणि कागद कुणी पाहायचे हे ठरवण्याचा अधिकार गावांकडे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी खर्चाची.

कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनात डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर सांगतात. आश्रमशाळेतून निघालेल्या एखाद्या मुलीला कुणीतरी हेही सांगावं, की तुझ्या शाळेचं दप्तर जपणं, वाचणं आणि त्यात रिकामी राहिलेली ओळ तुझ्या भाषेत भरणं, हीसुद्धा आयुष्यभराची, मानाची नोकरी असू शकते. पगडींना ती कुणी देऊ केली नाही. तिला देता येईल.